पंगतीची फाइल आणि एकोणीस प्लेअर

धारमध्ये खोली भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक तीन गोष्टी विचारतो: नोकरी कुठे, लग्न झालंय का, अंडं-मटण चालतं का. तिन्हींची उत्तरं मी खातेगावहून निघतानाच पाठ करून आलो होतो. नालछ्याच्या शाळेत गणित शिकवतो, झालेलं नाही, चालत नाही. यातलं शेवटचं उत्तर खोटं होतं, पण ते द्यायची वेळच आली नाही. पायजमा, बंडी आणि दोन चष्मे अशा वेषातल्या एका गृहस्थांनी दार उघडलं आणि ‘या’सुद्धा न म्हणता विचारलं, “फोनमध्ये व्हिडिओ कशात बघता?”

“फोनमध्ये जे असतं त्यातच.”

“म्हणजे घरजावयात,” असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं हस्तांदोलन. त्यांना फोन हवा होता.

पुढचा पाऊण तास मी पायरीवर बसून होतो आणि माझा फोन आत परीक्षेला बसला होता. आतून एका बाईंचा आवाज येत होता, “अहो, पुरे झालं आता.” थोड्या वेळाने पुन्हा तेच वाक्य, जरा चिरकं. मग तेच वाक्य विहिरीतून आल्यासारखं. मग तेच, पण भुतासारखं लांबट. मी चप्पल पायात सरकवली होती, तेवढ्यात ते बाहेर आले.

“सत्तावीसपैकी अकरा. फोन नापास आहे. माणूस बरा दिसतो. खोली वर आहे, पाणी सकाळी एक तास येतं.”

असा मी काकांच्या घरात शिरलो आणि पुढे अडीच वर्षं राहिलो.

काका नापतोल विभागात निरीक्षक होते. अख्खा जन्म लोकांचे तराजू, वजनं आणि लिटरची मापं तपासण्यात गेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी ते बाजारातून चालले की दुकानदारांचे काटे आपोआप सरळ व्हायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भाजीवाली त्यांना लांबून बघूनच दोन भेंड्या जास्तीच्या टाकायची. पाणीपुरीवाल्याने सहाच्या जागी पाच दिल्या तर काका पाचवी तोंडात तशीच धरून, न चावता, डोळे मिटून सहावीची वाट बघत उभे राहायचे. मागे रांग लागायची. शेवटी तो बिचारा म्हणायचा, “लो साब, और लो, पन हिलो.”

नोकरी सुटली आणि तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी व्हिडिओ प्लेअर तपासायला घेतले. बैठकीत भिंतीवर वर्गात असतो तसला काळा फळा होता. त्यावर ‘पास’, ‘पुरवणी’ आणि ‘नापास’ असे तीन रकाने. अॅपची खरी नावं त्यांना मंजूर नव्हती. दुकानावर पाटी काहीही असो, आपण तराजू बघायचा, हे त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक अॅपचं त्यांनी नव्याने बारसं केलं होतं. फोनसोबत आयता येतो तो घरजावई: बोलावला नव्हता, काम बेताचं करतो, आणि काढून टाकायची सोय नाही. दर पाच मिनिटांनी जाहिरात दाखवणारा तो ‘भाट’. बॅटरी खाणारा ‘खादाड’. एक उमेदवार बसवल्या बसवल्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागायचा. “कुरडया दाखवायला याला माझ्या सोयऱ्यांचे नंबर कशाला?” म्हणून काकांनी त्याचं नाव ‘मध्यस्थ’ ठेवलं आणि एकही फाइल न दाखवता त्याला घरी पाठवलं.

कुरडयांचं सांगायचं राहिलं. परीक्षेच्या त्या सत्तावीस फाइली म्हणजे एकच चित्रण होतं, सत्तावीस फॉरमॅटांत बदलून घेतलेलं. काकू गच्चीवर कुरडया घालतायत, काका मोबाइल घेऊन त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालतायत, आणि शेवटी काकू कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, “अहो, पुरे झालं आता.” थ्रीजीपीत काकू बोटभर होत्या, एव्हीआयमध्ये जाड्या, एमकेव्हीत खऱ्यापेक्षा सुबक. एफएलव्हीत त्यांचे ओठ आधी हलायचे आणि शब्द दारात थांबून मागाहून यायचे. मोगल बादशहांच्या बेगमांची इतकी चित्रं निघाली नसतील. काकूंना मात्र याचं काडीचं कौतुक नव्हतं. “एकात माझं तोंड हिरवं दिसतं,” त्या मला सांगायच्या, “तेच नेमकं आलेल्या-गेलेल्याला दाखवतात.”

काकांचा थाट बघण्यासारखा असे. एक चष्मा फोनसाठी, एक जगासाठी. इयरफोनची वायर जानव्यासारखी एका कानाला गुंडाळलेली, त्यामुळे नवखा माणूस त्यांना संडासाचा रस्ता मोकळा करून द्यायचा. आणि शिकवायची हौस दांडगी. मी नालछ्याहून फटफटीवर धूळ खात परतलो की जिन्यात गाठायचे.

“तुम्ही गणिताचे. सांगा, एमकेव्ही म्हणजे काय?”

“व्हिडिओचा प्रकार.”

“चूक. एमकेव्ही हा डबा आहे. एमपीफोर हाही डबा. डब्यावरून आत भाजी कोणती हे कळतं का? आत चित्र एका पद्धतीने भरलेलं, आवाज दुसऱ्या पद्धतीने. अॅपला डबा उघडता आला म्हणजे जेवता आलं असं नाही. कित्येकांना चित्र चावतं आणि आवाज गिळवत नाही. मग लोक म्हणतात फाइल खराब. फाइल कशी खराब असेल? ज्याच्या हातात माप आहे त्याला आधी तपासा.”

हार्डवेअर डिकोडर आणि सॉफ्टवेअर डिकोडर यातला फरक त्यांनी मला कुकरच्या सहा शिट्ट्या होईपर्यंत समजावला. फोनची चिप स्वतः फाइल उलगडते ते हार्डवेअर: झटपट, पण ओळखीच्याच फाइली. अॅप आपल्या अकलेने उलगडतं ते सॉफ्टवेअर: सावकाश, फोन तापतो, पण अनोळखी फाइलीलाही दार उघडतं. सातव्या शिट्टीला काकूंनी आतून हाक मारली नसती तर मी अजून जिन्यातच असतो.

ही विद्या फुकट गेली असं कोणी समजू नये. मुलाचं लग्न याच विद्येवर जमलं. मुलगा उज्जैनला नोकरीला. मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, आणि काकांनी मुलीला विचारलं, “बेटा, फोनमध्ये व्हिडिओ कशात बघतेस?” मुलाने मान खाली घातली. मुलीचे वडील पत्रिका काढत होते, ते तसेच थांबले. मुलगी म्हणाली, “काका, आधी घरच्यात. आवाज नाही आला तर दुसऱ्यात, सॉफ्टवेअर डिकोडर लावून.” काकांनी पत्रिका न बघता होकार दिला. छत्तीस गुणांपैकी किती जुळले ते घरात आजतागायत कोणाला माहीत नाही.

लग्न ठरलं आणि काकांच्या गळ्याशी आलं.

कारण अक्का. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, देवासला दिलेली. सतरा वर्षांपूर्वी काकांच्या मुलीचं लग्न धारला झालं, आणि त्या लग्नाच्या पंगतीतून उठून गेलेल्या अक्का पुन्हा धारला आल्याच नव्हत्या. भावाशी बोलणं बंद. निरोप असलाच तर काकूंच्या फोनवर, काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

भांडण तुपाचं. आता हे आमच्या माळव्यातल्या मराठी घरांबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण, पण सांगतो. पंगतीत वाढणारा तूप घेऊन आला की पानावर आडवा हात धरायचा आणि ‘नको’ म्हणायचं, ही मानाच्या माणसाची रीत. वाढणाऱ्याने ते ‘नको’ मनावर घ्यायचं नाही. पुन्हा विचारायचं, आग्रह करायचा. मग हात जरासा बाजूला होतो. मानाचं माणूस पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणालं तर ते हावरट, आणि वाढणारा पहिल्या ‘नको’ला पुढे गेला तर तो अपमान. त्या दिवशी तूप वाढत होते स्वतः वधुपिता, म्हणजे काका. अक्कांनी पानावर हात धरला, ‘नको’ म्हणाल्या, आणि काका पुढे गेले.

“एकदाच विचारलं,” असं अक्का सतरा वर्षं म्हणत होत्या.

“दोनदा विचारलं,” असं काका सतरा वर्षं म्हणत होते. “जन्मभर मापं तपासली. मला एक आणि दोन कळत नाही?”

मुलाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. काकूंनी तो गठ्ठा देवापुढे ठेवला आणि जाहीर केलं, “पहिली अक्षत वन्संना. त्यांनी घेतल्याशिवाय यातली एक पत्रिका घराबाहेर जाणार नाही.” काकूंचा आवाज सत्तावीस फॉरमॅटांत ऐकूनही इतका खणखणीत मला कधी वाटला नव्हता. त्यांनी तिथेच देवासला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

अक्का म्हणाल्या, “त्याला म्हणावं, एकतर ये आणि चुकलो म्हण. नाहीतर दोनदा विचारल्याचं ऐकव. दोन्हीपैकी काही एक झालं की मी येते. लग्नाला पाच आठवडे आहेत ना? भरपूर झाले.”

काका चुकलो म्हणणं शक्य नव्हतं. राहिला पुरावा. त्या लग्नाचं चित्रण झालेलं होतं, डीव्हीडीही मिळालेली होती. पण ती डीव्हीडी काकूंनी कबुतरं घाबरावीत म्हणून गच्चीच्या तारेवर टांगली होती, आणि कबुतरं तिच्यात तोंड बघून पिसं सारखी करायची. उन्हाने तिचा पापड झाला. सुदैवाने त्याआधी मुलाने पंगतीचा भाग पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला होता. फाइल होती व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीचा जुना डबा. आणि आता मला उलगडलं की या घरात इतकी वर्षं परीक्षा नेमकी कशासाठी चालली होती. सत्तावीस फॉरमॅट, फळा, पास-नापास, सगळं या एका फाइलीपायी. काकांना असा प्लेअर हवा होता जो ती पूर्ण दाखवेल, पूर्ण ऐकवेल, आणि अक्कांच्या स्वतःच्या फोनमध्ये बसेल. कारण दुसऱ्याच्या यंत्रावर दाखवलेलं अक्का मानणार नाहीत. बहीण त्यांचीच होती.

आतापर्यंतचा निकाल असा होता. घरजावयाने फाइल उघडली, पण आवाजाविना, आणि त्याला पडदा भरून चित्र दाखवायची खोड. चौकोनी चित्र लांबट फोनवर ताणून बसवायचं म्हणून तो वरचं-खालचं कापायचा. वरून काकांची पगडी गेली, खालून पानं गेली. दिसायचं काय, तर हवेत तरंगणारा तुपाचा चमचा आणि अक्कांच्या नाकातली नथ. दुसऱ्या एकाने अख्खं चित्र दाखवलं, पण आवाजाच्या जागी पट्टी आली की हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही. त्याचं नाव ‘मुका’. पण मुक्यातही एक गोष्ट स्पष्ट दिसत होती: अक्कांच्या पानापाशी काकांचं तोंड दोनदा उघडतं.

काकांनी लगेच काकूंच्या फोनवरून देवासला कळवलं. “दोनदा तोंड उघडलंय. डोळ्यांनी बघितलं.”

पलीकडून अक्का काकूंना म्हणाल्या, “तोंड उघडलं म्हणजे विचारलं कशावरून? जांभई दिली असेल.”

म्हणून आवाज हवा होता.

त्या आठवड्यात काकांनी जे केलं ते अश्वमेधाच्या घोड्याने केलं नसेल. रोज तीन-तीन अॅप उतरवायचे, व्हीओबी लावायची, चिरकं काही ऐकू येतंय का बघायचं आणि फळ्यावर नापास लिहायचं. एकाने आवाज दिला पण चित्र उलटं केलं. एकात बँडच तेवढा वाजला. एकाने फाइलीतला आवाज स्वच्छ दिला, पण अक्कांच्या पानाशी आल्यावर बरोबर जाहिरात लागली. काका बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडे गेले. त्याने पेनड्राइव्ह उलटासुलटा करून बघितला. “भिया, ये फाइल तो मर गी है.” काकांनी त्याला दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर डबा आणि भाजी समजावून सांगितली. तो म्हणाला, “साब, मैं तो कव्हर बेचता हूँ.”

एकोणिसावा उमेदवार दिसायला अगदी गावठी होता. चिन्ह फाटक्या तिकिटासारखं, नाव जिभेला न झेपणारं. जाहिरात नाही, परवानगी मागणं नाही, रंगरंगोटी नाही. रविवारी दुपारी काकू शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. काकांनी इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, एक माझ्या. सॉफ्टवेअर डिकोडर लावला. फोन तापला. आणि सतरा वर्षांपूर्वीचा बँड आमच्या दोघांच्या डोक्यात वाजू लागला.

पंगत दिसली. काका दिसले, काळ्या मिशीचे, हातात तुपाचं भांडं, मागे डबा धरलेला एक वाढपी. अक्कांच्या पानाशी आले. तोंड पहिल्यांदा उघडलं.

“अक्का, तूप वाढू?”

“नको रे,” अक्का म्हणाल्या. पानावर आडवा हात.

काकांचं तोंड दुसऱ्यांदा उघडलं. मान किंचित मागे, वाढप्याकडे.

“बरं झालं. डबा खरवडायला आलाय, व्याही अजून बाकी आहेत.”

आणि ते पुढे गेले.

काकांनी फाइल मागे घेतली, पुन्हा लावली. डिकोडर बदलून हार्डवेअर केला, पुन्हा लावली. दोन्ही डिकोडरांत वाक्य तेच. मग त्यांनी इयरफोन काढला, फळ्याजवळ गेले, ‘पास’च्या रकान्यात फाटक्या तिकिटाची आकृती काढली आणि समोर लिहिलं: चित्र उत्तम, ध्वनी उत्तम. 

“काका,” मी म्हणालो, “हे ऐकलंय आपण दोघांनीच.”

ते इयरफोनची वायर गुंडाळत होते.

“अक्कांच्या फोनमध्ये मुका बसवू. तोंड दोनदा उघडतं हे तर खरंच आहे. आवाज कुठल्याच अॅपात येत नाही म्हणायचं. म्हातारं माणूस आहे, किती दिवस धरून बसणार?”

“सतरा वर्षं,” काका म्हणाले.

चार दिवस ते घरात असूनही नसल्यासारखे होते. दूधवाल्याचं माप बघितलं नाही, त्यामुळे दूधवालाच घाबरला आणि काकूंना म्हणाला, “माँसाब, साब बीमार है कई?” काकू विचारायच्या, “लागला का आवाज?” काका म्हणायचे, “तपासणी चालू आहे.” देवापुढच्या पत्रिकांवर उदबत्तीची राख साठत होती. मुलीकडच्यांचा दोनदा फोन येऊन गेला की तुमच्याकडचे पाहुणे किती. काकूंनी सांगितलं, “आज तरी शून्य.”

पाचव्या दिवशी काकांनी अक्षतांची वाटी फडक्यात बांधली, एक पत्रिका घेतली आणि मला म्हणाले, “रजा टाका. साक्षीला चला.”

धारहून इंदूर, इंदूरहून देवास. घाटाबिल्लोदपर्यंत मी मुक्याची बाजू मांडली. मी सांगितलं की एका वाक्यापायी मुलाचं लग्न अडतंय. मी सांगितलं की बँडच्या आवाजात असं वाक्य कोणाच्याही तोंडून जाऊ शकतं. वकिलाने फाशीच्या कैद्यासाठी केली नसेल इतकी वकिली मी बसच्या शेवटच्या सीटवर केली, आणि दर खड्ड्याला माझा मुद्दा डोक्यासकट छताला लागला. काका खिडकीबाहेर गव्हाची शेतं बघत होते. इंदूर आल्यावर फक्त म्हणाले, “उतरा.”

अक्कांचं घर टेकडीच्या पायथ्याशी. अक्का उंचीला आमच्या फळ्याएवढ्या, पण आवाज असा की समोरच्या घरातली माणसं उत्तर द्यायची. त्यांनी दार उघडलं, भावाला बघितलं, मला बघितलं.

“आलास. आणि हे कोण, साक्षीदार?”

“भाडेकरू आहेत,” काका म्हणाले. “गणित शिकवतात.”

“मग दोनपर्यंत मोजता येत असेल. बसा.”

आपला फोन आमच्या पुढ्यात ठेवून त्या चहा टाकायला आत गेल्या. काकांनी फोन हातात घेतला, जगाचा चष्मा काढला, दुसरा लावला, आणि पेनड्राइव्हवरची फाइल त्यात उतरवली. राहिलं अॅप बसवायचं, आणि उतरवायच्या यादीत दोन्ही अॅप शेजारी-शेजारी होती. एकात ते निर्दोष होते. मी कुजबुजलो, “काका, मुका. बोट डावीकडे न्या.”

“तो नापास आहे,” काका म्हणाले.

“आज पुरवणीत पास करा.”

“नापास केलेला काटा मी बहिणीच्या घरात ठेवू? उद्या ती त्यावर काही बघायला जाईल, आवाज येणार नाही, आणि म्हणेल माझ्या भावाने बसवून दिलंय.” त्यांनी फाटक्या तिकिटावर बोट ठेवलं. “आणि हा मुका आता सगळे नंबरही मागायला लागलाय, ते तुम्ही बघितलंच नाहीत.”

माझ्यासमोर एक माणूस आपली मान कापून देत होता, आणि कारण काय, तर अॅप चांगलं आहे.

अक्का चहा घेऊन आल्या. काकांनी फाइल लावली, फोन त्यांच्यापुढे धरला. अक्कांनी तो हातातून काढून घेतला आणि सरळ कानाला लावला.

“अगं, चित्र बघ.”

“चित्र मी समोर बसून बघितलंय. मला ऐकू दे.”

आम्ही चहा पीत नव्हतो. फोनमधून बारीक बँड ऐकू येत होता. मग तो थांबला. अक्कांनी फोन काकांकडे दिला. “मागे घे.” पुन्हा कानाला लावला. पुन्हा दिला. “मागे घे.” असं तीनदा झालं.

“व्याही बाकी आहेत,” अक्का सावकाश म्हणाल्या.

“चुकलो,” काका म्हणाले. त्यांनी हा शब्द माझ्यासमोर तरी पहिल्यांदा उच्चारला, आणि त्यांच्या तोंडात तो न चावलेल्या पाणीपुरीसारखा दिसला.

अक्कांनी तिकडे लक्षच दिलं नाही. “डबा खरवडायला आला होता?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस? माझ्या खोलीत पाच किलोचा डबा होता. घरच्या म्हशीचं. इथून मांडीवर घेऊन गेले होते.”

काकांनी चष्मा काढला. “मग दिला का नाहीस?”

“मला कोणी विचारलं का? म्हटलं, पंगतीनंतर स्वतःहून हातात देईन. पंगतीतून उठले, तो डबा तसाच परत आणला. सहा महिने संपेना. हे वैतागून म्हणायचे, भांडायचं तर तेलावरून भांडायचं होतंस.”

काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, मी उठलो. ते हसत होते. अक्काही हसायला लागल्या आणि समोरच्या घरातून कोणीतरी विचारलं, “अक्काजी, कई हुयो?” अक्कांनी पदर पुढे केला. काकांनी फडकं सोडून त्यात अक्षता टाकल्या, पत्रिका ठेवली. मी लगेच काकूंना फोन करून सांगितलं की गठ्ठा देवापुढून उचला. काकू फक्त म्हणाल्या, “आठ दिवस आधी या म्हणावं,” आणि नाक ओढल्याचा आवाज आला, जो कुठल्याही फॉरमॅटात स्वच्छ आला असता.

आम्ही निघायला उठलो तर अक्का म्हणाल्या, “थांब. हे तुझं अॅप सगळ्याच लग्नांचं ऐकवतं का?”

“कुठल्या फॉरमॅटात आहे त्यावर आहे,” काका म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.

अक्कांनी कपाट उघडून साड्यांच्या घडीखालून एक डबी काढली. डबीत चार पेनड्राइव्ह आणि पाच मेमरी कार्डं. “हे माझ्या धाकट्या जावेच्या मुलाचं. मी आहेर देताना ती विहिणीच्या कानात काहीतरी बोलली होती. हे शेजारच्यांच्या मुंजीचं. आणि हे बघ, यात भटजीच मला काहीतरी बोललेत.”

काकांनी बंडीच्या खिशातून इयरफोन काढला. आमची शेवटची बस गेली.

पुढच्या पंधरवड्यात देवासच्या मराठी घरांत काय झालं ते सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, तरी सांगतो. अक्कांकडे असं काही आलंय ज्यात बँडमागचंही ऐकू येतं, एवढी बातमी पुरली. धाकटी जाऊ पेढे घेऊन हजर झाली. भटजींनी दक्षिणा न घेता सत्यनारायण करून दिला. ज्यांच्याबद्दल अक्कांच्या मनात काही नव्हतं असेही दोघेतिघे येऊन ‘चूकभूल झाली असेल’ म्हणून चहा पिऊन गेले. अक्कांनी त्यांना काहीच विचारलं नाही, पण त्यांच्या लग्नांची चित्रणं मात्र मागवून घेतली.

काकांच्या मुलाच्या लग्नात मी वाढायला होतो. चारशे पानांची पंगत वाढली आणि आयुष्यात इतकी शांत पंगत मी पाहिली नाही. कॅमेरावाला समोर आला की वाढपी ओठ घट्ट मिटून भांडं पुढे करायचे, पाहुणे मानेनेच हो-नाही करायचे, आणि दोन्हीकडचे व्याही तर हातवारे करून एकमेकांना जिलबीचा आग्रह करत होते. बोलत होतं एकच माणूस. तुपाचं भांडं कमरेवर धरून अक्का पानापानाशी थांबत होत्या, आणि मागे वळून कॅमेरावाल्याला बजावत होत्या, “भिया, आवाज बराबर घे.”